घाटातला पडलेला पूल

लोणावळ्याहून पुण्याकडं निघालं की डाव्या-उजव्या हाताला भाताची खाचरं लागतात. त्यातलीच काही आमची. रुळापासून दोन वावरं सोडली की आमचा बांध. लहानपणी घरात घड्याळ नव्हतं. सकाळची डेक्कन क्वीन मुंबईकडं गेली की गुरं सोडायची, एवढं ठाऊक. पण आमचा खरा जीव मालगाडीवर. बांधावर उभं राहून डबे मोजायचे. चाळीसच्या पुढं माझा हिशेब नेमका चुकायचा, मग थोरला भाऊ टपली मारायचा.

घाट चढून आलेल्या गाडीला मागून ढकलायला इंजिनं लावलेली असत. ती कर्जतला जोडायची आणि वर लोणावळ्यात सोडायची. त्यांना बँकर म्हणतात. हे सगळं मला तात्यांनी सांगितलं. तात्या म्हणजे माझे चुलते, रेल्वेत गँगमन. शेत सांभाळून नोकरी केली म्हणावं की नोकरी सांभाळून शेत, ते सांगता येणार नाही. पण मृग लागला की ते घरचे नसत. घाटात पावसाळी गस्त असायची. खांद्यावर घोंगडी, हातात कंदील, कमरेला पिशवी. पिशवीत फटाके. दिवाळीतले नव्हेत, रुळावर बसवायचे चपटे डबीसारखे फटाके. इंजिनाचं चाक वर आलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी उभी करतो. पुढं दरड पडलेली दिसली, पुलाखाली पाणी तांबड्या खुणेच्या वर गेलेलं दिसलं, तर गस्तवाल्यानं तांबडा दिवा लावायचा आणि गाडी येणार त्या दिशेनं पळत सुटायचं. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. अंधारात, पावसात, स्लीपरवरून पळायचं. दोन स्लीपरमध्ये पाय अडकला की माणूस तोंडावर.

मी एकदा विचारलं, "तात्या, गाडी उभी केली आणि पुढं काहीच नसलं तर?"

"तर शिव्या खायच्या. शिव्या खाऊन मानूस मरत न्हाय."

त्याच वेळी त्यांनी मला घाटातल्या पडलेल्या पुलाचं सांगितलं. "आपल्या घाटातला येक पूल इंग्रजाच्या राज्यात आख्खा खाली गेलाय. चार पावसाळं काढलं न काढलं, बसला खाली."

"कशानं?"

"वरनं रुबाबदार व्हता. पोट पोकळ व्हतं."

ही गोष्ट त्यांनी त्यांच्या मुकादमाकडून ऐकलेली, त्यानं आणखी कुणाकडून. मला वाटलं, असेल काहीतरी दंतकथा. घाटात अशा कथा पुष्कळ.

मी १९७५ साली दहावी झालो. दहावीच्या शालान्त परीक्षेची ती पहिलीच बॅच. पुढं शिकायचं जमलं नाही, पण वाचायची खोड लागली ती लागलीच. पुढं पन्नाशीला आल्यावर तालुक्याच्या एका निवृत्त गुरुजींच्या ओळखीनं १८८५ सालचं पुणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर पाहायला मिळालं. मग रेल्वेच्या इतिहासाची एकदोन पुस्तकं. माझं इंग्रजी दहावीचं. गुरुजी वाचायचे, मी वहीत उतरवायचो. तेव्हा कळलं की तात्यांची गोष्ट खरी होती.

मुंबई ते ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तीन वर्षांत रूळ खोपोलीला आले. इकडं वर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ साली सुरू झाली. पुढं सोलापूरपर्यंत रूळ १८६० सालीच पोचले. म्हणजे खाली गाडी, वर गाडी, आणि मधे घाट. खोपोलीला उतरायचं, पालखीत नाहीतर टांग्यात बसून घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी धरायची. माणसांचं ठीक, पण मालाचं काय? कापूस, धान्य सगळं उतरवा, गाडीबैलावर घाला, घाट उतरा, परत भरा. त्यात १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. अशा वेळी मुंबई आणि दख्खन यांच्यामधला सोळाएक मैलांचा हा घाट सगळ्यांच्या डोळ्यांत सलत असणार.

काम १८५६ साली सुरू झालं होतं. ते किती मोठं होतं हे आकड्यांनीच कळेल. चढ एकूण १,८३१ फूट. जिथं सगळ्यात उभा चढ तिथं ३७ फुटांना एक फूट. २५ बोगदे, ८ मोठे पूल. १८६१ साली एका वेळी ४२ हजार माणसं घाटात राबत होती. आज आमच्या पंचक्रोशीची सगळी गावं गोळा केली तरी तेवढी भरणार नाहीत. सुरुंगाची दारू, पहार, घण आणि पाटी. काही ठिकाणी कडा इतका उभा की माणसाला दोरानं वरून खाली सोडायचं, त्यानं लोंबकळत सुरुंगाचं भोक पाडायचं. पटकीच्या साथीत माणसं हजारांनी गेली. त्यांची नावं कुठं लिहिलेली मला सापडली नाहीत.

ठेकेदाराचं नाव मात्र सापडतं. पहिला ठेकेदार फेव्हिएल नावाचा इंग्रज. त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, त्याखाली माणूस. वरून निघालेला पैसा खाली येईपर्यंत किती उरत असेल, ते रोजगार हमीवर गेलेल्या माणसाला सांगायला नको. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर उठले. दंगा झाला, एक गोरा मारला गेला. त्याच वर्षी फेव्हिएलनं काम सोडलं. नवा ठेकेदार ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारानं मेला. पण त्याची बायको ॲलिस हिनं ठेका सोडला नाही. जाणती माणसं नेमून काम पुरं करून घेतलं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाची रेल्वे खुली झाली. मोठमोठी भाषणं झाली.

आणि १८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, म्हाऊ-की-मळीचा पूल कोसळला.

तात्या म्हणाले ते अक्षरशः बरोबर. चारच पावसाळे काढून पाचव्यात गेला. घाटातल्या मोठ्या पुलांपैकी हा एक, खोल दरीवर उंच दगडी कमानींचा. पुण्याला मुंबईशी जोडणारी रेल्वेची ही एकच वाट होती, ती तुटली. चौकशी झाली, ठपका दगडकामावर आला. मग कंपनीचे इतर पूलही तपासायची वेळ आली आणि कित्येक पूल पाडून नव्यानं बांधावे लागले.

दगडकाम म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला समजावून सांगावं लागेल. जाड भिंतीला दोन तोंडं असतात. तोंडाला घडीव दगड लावतात, तो पाथरवट टाकीनं घडवतो. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो. दोन तोंडांच्या मधे पोट असतं. पोटात भराव. तो भराव नीट करायचा तर प्रत्येक दगड हातानं बसवावा लागतो, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि दर थराला भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालून दोन्ही तोंडं एकमेकांना बांधायची. चुना चांगला भाजलेला, घाणीत मळलेला पाहिजे आणि वाळेपर्यंत त्याला पाणी मारत राहायला पाहिजे. हे नाही केलं तर काय होतं? दिसायला काहीच होत नाही. तोंड तसंच छान दिसतं. पोटात नुसता दगडगोटा आणि माती. पाऊस पडतो, पाणी आत मुरतं, कच्चा चुना धुऊन जातो. भराव खाली बसतो आणि तोंडाला आतून रेटा देतो. वरून गाडी जाते, रोज थोडा हादरा. मग एक दिवस तोंडाचा दगड बाहेर येतो आणि त्याच्यामागं सगळंच.

इंग्रजांच्या लिखाणात देशी गवंड्यांच्या कामाबद्दल तक्रार वरचेवर येते. इथल्या माणसाला चांगलं दगडकाम करवत नाही, त्याच्यावर सारखी नजर लागते, वगैरे. गुरुजींनी हे वाचून दाखवलं तेव्हा मला राग आला. घाटाच्या माथ्यावर उभं राहून इकडं बघा. लोहगड आहे, विसापूर आहे. त्यांची तटबंदी इंग्रजांच्या आधीची, याच मावळच्या पावसात उभी. पाथरवटाच्या हाताला दगड कळत नव्हता, असं कोण म्हणेल? पण त्याला मापावर पैसे मिळत असतील, वरचा मुकादम घाई करत असेल, आणि पोटातला दगड मोजायला कुणी येणारच नसेल, तर तो हात काय करणार? हात आमचा होता हे खरं. घाई कुणाची होती, तेही लिहायला पाहिजे होतं.

हे मी तावातावानं गुरुजींना म्हणालो. ते काही बोलले नाहीत. पण घरी येताना आमच्या ओढ्यावरून आलो आणि माझीच मान खाली गेली. का, ते आता सांगतो.

१९९२ साली मी ग्रामपंचायतीत निवडून आलो. तरुण होतो, शिकलेला म्हणून लोकांनी धरून उभा केला. आमच्या गावाची अडचण एकच, ओढा. पावसाळ्यात चार महिने पलीकडची खाचरं आणि कातकरी वाडी तुटायची. सरकारी योजनेतून दोन गाळ्यांचा पूल मंजूर झाला. मधे दगडी खांब, वर स्लॅब. उन्हाळ्यात काम सुरू झालं. मृगाच्या आत संपवायचं, नाहीतर पैसे परत जातील, असा तगादा. तात्या तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. ते रोज संध्याकाळी काठी टेकत ओढ्यावर जायचे. एक दिवस मला बोलावून घेतलं.

"आत काय घालत्यात बघितलंस का?"

"दगडच आहे की."

"दगड न्हाय, ओढ्यातला गोटा हाय. आन वरनं मुरूम सारत्यात. तोंडाला तेवढं शिमीट. येकबी लांब दगड आरपार न्हाय."

मी ठेकेदाराशी बोललो. त्यानं मला चहा पाजला. म्हणाला, "सदस्यसाहेब, इंजिनिअर बघून गेलेत. तुम्ही काळजी करू नका." मला सदस्यसाहेब म्हटलेलं गोड लागलं, हे कबूल करतो. पैसे वगैरे मी घेतले नाहीत. पण काम पूर्ण झाल्याच्या कागदावर इतरांबरोबर माझीही सही आहे. गवंड्यांनी सांध्यांत सिमेंटचा दर्जा भरला, पूल सुरेख दिसला. नारळ फुटला, पेढे वाटले. तात्या आले नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यात मी खांबाच्या सांध्यातून गढूळ ओघळ येताना पाहिला. ओढ्याचं पाणी तेव्हा नितळ झालं होतं, तरी खांबातून निघणारं पाणी तांबूस. म्हणजे आतला मुरूम वाहून चालला होता. तात्यांनी मला लहानपणीच सांगितलेलं होतं, पूल पडायच्या आधी पाण्याचा रंग सांगतो. मला कळलं. मी घरी आलो आणि गप्प बसलो. बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, सही कुणाची?

१९९५ ची दिवाळी होऊन गेली होती. भाताची मळणी उरकून पोती भातगिरणीला चालली होती. ट्रॅक्टर माझ्या चुलत पुतण्याचा. ट्रॉली पुलावर आली आणि मधला खांब एका अंगाला बसला. स्लॅब तुटली, ट्रॉली ओढ्यात. पुतण्यानं उडी मारली, वाचला. पोत्यांवर वाडीतला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा बसला होता, पोती उतरवायला घेतलेला. तो पोत्यांच्या खाली गेला. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कामातून गेला.

पंचनामा झाला. 'प्रमाणापेक्षा जास्त भार' असं लिहिलं गेलं. म्हणजे दोष ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा. मी तिथं उभा होतो. फुटलेल्या खांबाचं पोट सगळ्यांच्या समोर उघडं पडलं होतं, गोटे आणि मुरूम, चिमूटभर सिमेंट. ते बोटानं दाखवायचं होतं फक्त. मी दाखवलं नाही. पोराच्या दवाखान्याला मी एक बैल विकून पैसे दिले. लोक म्हणाले, माणूस दिलदार आहे. तात्या तेवढं म्हणाले, "बैल इकलास ते बरं केलंस. पन फटाका लावायचा व्हता तवा लावला न्हाईस." त्यानंतर त्यांनी तो विषय परत काढला नाही. दोन वर्षांनी ते गेले.

मग १८६७ च्या चौकशीत गवंड्यांच्या माथी खापर फुटलं म्हणून मी कुणाला नावं ठेवू? आमच्या ओढ्यावर तेच झालं आणि गप्प राहणारा मी होतो.

दोन वर्षांखाली नातवानं मोबाईलवर एक बातमी दाखवली. आजोबांना मालगाड्यांचं वेड, हे त्याला माहीत. २४ जून २०२३, अमेरिकेतलं मोंटाना राज्य, यलोस्टोन नावाची नदी. सकाळच्या वेळी नदीवरचा रेल्वेपूल तुटला आणि मालगाडीचे सतरा डबे घसरले. त्यातले दहा पाण्यात गेले. डब्यांत डांबर आणि वितळलेलं गंधक. गाडीवरची माणसं वाचली, कुणाला इजा झाली नाही. पुढं कितीतरी मैल नदीकाठाला डांबराचे गोळे लागलेले सापडत होते. आदल्या साली, २०२२ च्या जूनमध्ये, त्याच नदीला मोठा पूर येऊन गेला होता. आणि त्या रेल्वेपुलाच्या शेजारी रस्त्याचा एक जुना पूल होता, तो पडायच्या बेतात आहे म्हणून २०२१ साली सरकारनं उतरवून घेतला होता. जोडीतला एक पूल वेळेवर काढला, दुसरा मालगाडीसकट खाली गेला.

नातू वाहत्या डब्यांचे फोटो मोठे करून दाखवत होता. मला त्या बातमीत वेगळंच दिसलं. पुलाच्या खालच्या अंगाला शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था आहे. नदीतून पाट काढलेला. डबे नदीत गेल्याचं कळताच तिथल्या माणसानं पाटाचं दार बंद केलं, घाण पाणी वावरात शिरू नये म्हणून. जूनचा महिना, पिकाला पाणी पाहिजेच असणार. तरी त्यानं आधी दार बंद केलं, मग काय ते बघू म्हणाला असेल. साता समुद्रापलीकडचा शेतकरी, पण तात्यांच्या गँगमधला वाटला.

आमच्या ओढ्यावर आता नवा पूल आहे, काँक्रीटचा. त्याच्या कामाला मी सदस्य नव्हतो, तरी रोज जाऊन बसायचो. खडी धुतली का, सळईला गंज आहे का, सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात का. ठेकेदाराच्या माणसांनी मला 'म्हातारा इन्स्पेक्टर' नाव ठेवलं होतं. शिव्याही दिल्या असतील. दर साली मृगाच्या आधी एकदा आणि मोठा पाऊस होऊन गेला की एकदा, मी खाली उतरून खांब बघतो. तात्यांचा कंदील घरात आहे, पण आता बॅटरी नेतो.

वाडीतला तो पोरगा आता पन्नाशीकडं झुकलाय. कुबडी घेऊन चालतो, रस्त्याच्या कडेला टपरी आहे त्याची, करवंदं-जांभळांच्या दिवसांत तीही विकतो. मला आजही "दादा" म्हणून हाक मारतो, चहाचे पैसे घेत नाही. त्याला मी गढूळ ओघळाचं कधी सांगितलं नव्हतं. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं, छापून यायच्या आधी त्याला सांगायचं. गेल्या महिन्यात टपरीवर गेलो, बाकड्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. सही, तात्यांचं बोलणं, तांबूस पाणी, पंचनामा.

त्यानं चहा गाळला, कप माझ्यापुढं ठेवला. बराच वेळ काही बोलला नाही. घाटाकडून एक मालगाडी आली, तिचा आवाज जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच.

मग म्हणाला, "दादा, आज चहाचं पैसं द्या."

मी दिले.